फोंताईन्हास व मळा : पणजी शहरातील एका लहान वस्तीची ओळख

पणजी येथे देवदर्शनास येणारे भाविक श्री महालक्ष्मीचे दर्शन घेऊन अनेकदा मळ्यातील श्री मारुतीच्या पायऱ्या चढतात. मारुतीच्या प्रांगणातून खाली दृष्टी टाकली असता लाल कौलांची दाटीवाटीने उभी असलेली घरे, त्यांच्यामधून गेलेल्या अरुंद गल्ल्या आणि पलीकडे खाडीचे संथ पाणी दिसते. हीच फोंताईन्हासची वस्ती होय. पिवळ्या, निळ्या व तांबड्या भिंतींच्या छायाचित्रांमुळे ती आता देशभर परिचित झाली आहे. मात्र ती कशी वसली, तिला हे नाव का पडले, तेथे कोण राहत आले आणि आज तिच्यापुढे कोणते प्रश्न उभे आहेत, याची एकत्रित माहिती मराठीत क्वचितच मिळते. ती भाविकांस व जिज्ञासू वाचकांस उपलब्ध व्हावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

स्थान व विस्तार

पणजी शहर मांडवी नदीच्या दक्षिण तीरावर वसले आहे. शहराच्या मधोमध आल्तिनो ही जांभ्या दगडाची टेकडी आहे. या टेकडीच्या उत्तरेस व पश्चिमेस बाजारपेठ, कचेऱ्या, चर्चचा चौक आणि उद्याने असा शहराचा रुंद व आखीव भाग पसरला आहे. पूर्वेस मात्र टेकडीचा उतार आणि खाडी यांच्यामध्ये जमिनीची एक चिंचोळी पट्टी तेवढी उरते. या पट्टीचा उत्तरेकडील भाग सांव तोमे, मधला भाग फोंताईन्हास आणि दक्षिणेकडील भाग मळा या नावांनी ओळखला जातो. तिन्ही भाग एकमेकांस इतके लागून आहेत की एक कोठे संपतो व दुसरा कोठे सुरू होतो, हे परक्यास सांगता येणार नाही. संपूर्ण वस्ती सावकाश चालत अर्ध्या तासात पाहून होते.

पूर्वेकडील खाडीस तिच्या काठच्या रस्त्यावरून रुआ द ओरेंची खाडी असे म्हणतात. ती पुढे मांडवीस मिळते. खाडीपलीकडे पाटो हा नवा भाग असून तेथे कदंब बसस्थानक व अनेक शासकीय कार्यालये आहेत. बसने पणजीत उतरणारा प्रवासी खाडी ओलांडताच एका शतकातून दुसऱ्या शतकात आल्यासारखा या वस्तीत प्रवेश करतो.

नावाचा उलगडा

पोर्तुगीज भाषेत ‘फोंत’ म्हणजे झरा आणि ‘फोंताईन्हा’ म्हणजे लहानसा झरा. त्याचे अनेकवचन फोंताईन्हास. आल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी मळ्यात ‘फोंत फेनिक्स’ नावाचा झरा असून पोर्तुगीज काळात त्यास बांधीव हौद करण्यात आला. याच झऱ्यावरून वस्तीचे नाव पडले. टेकडीच्या दुसऱ्या अंगास ‘बोक द व्हाक’ म्हणजे ‘गायीचे मुख’ या नावाचा आणखी एक झरा आहे. आपल्याकडील गोमुखाची आठवण करून देणारे हे नाव वाचकांस परके वाटणार नाही.

‘मळा’ हा शब्द तर आपलाच आहे. पाण्याची सोय असलेल्या बागायती जमिनीस मराठी व कोंकणीत मळा म्हणतात. पोर्तुगीज नावात झरा आहे आणि देशी नावात झऱ्याच्या पाण्यावर पिकणारी जमीन आहे. भाषा दोन असल्या तरी दोन्ही नावांच्या मुळाशी पाणीच आहे. ही गोष्ट लक्षात ठेवली म्हणजे या वस्तीचा पुढील इतिहास समजण्यास सोपे जाते.

येथे झरे का आहेत, हेही थोडक्यात सांगणे योग्य होईल. पणजीत दरवर्षी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. आल्तिनोचा जांभा दगड सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यात मुरते, खालच्या चिकण थरावर अडते आणि टेकडीच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. नळाचे पाणी येण्यापूर्वी अशा झऱ्यांवर वस्त्याच्या वस्त्या जगत असत.

पूर्वपीठिका

इ. स. १५०० च्या सुमारास पणजी हे ताळगावच्या शेजारचे नदीकाठचे लहान ठिकाण होते. विजापूरच्या आदिलशाहीचा संस्थापक युसूफ आदिलशहा याने मांडवीच्या तीरावर बांधलेला वाडा ही तेथील मुख्य वास्तू होती. १५१० मध्ये आफोन्सो द आल्बुकेर्क याने गोवे जिंकले. पोर्तुगीजांची राजधानी मात्र पणजीपासून वर नदीकाठी, आज जुने गोवे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नगरात होती. पणजी हे त्या राजधानीच्या वाटेवरील नाके तेवढे होते.

पणजीभोवती त्या काळी दलदल, खाजन जमिनी, मिठागरे व माडांच्या बागा होत्या. खाजन म्हणजे खाडीचे खारे पाणी बांध घालून अडवलेली जमीन. अशा बांधास मानस नावाचे दार असते. ओहोटीस ते उघडून आतील पाणी बाहेर सोडतात व भरतीस बंद होऊन ते खारे पाणी आत येऊ देत नाही. १६३३-३४ मध्ये लिन्यारेशचा काउंट या विजरईने पणजी ते रायबंदर असा सुमारे तीन किलोमीटर लांबीचा पूलवजा रस्ता याच पाणथळ भागातून बांधविला. तो आजही वापरात आहे.

जुन्या राजधानीत साथीच्या रोगांनी वारंवार थैमान घातले आणि लोक ते नगर सोडून जाऊ लागले. अखेरीस १७५९ मध्ये विजरईने आपले निवासस्थान पणजीतील आदिलशहाच्या वाड्यात हलविले. राज्यकर्ता आला म्हणजे त्याच्यामागून अधिकारी, कारकून, व्यापारी, कारागीर व सेवक येतात. त्यांना राहावयास जागा हवी होती आणि पणजीत कोरडी जमीन थोडी होती.

वस्तीचा आरंभ

अशा वेळी टेकडी व खाडी यांच्यामधील पट्टीकडे लक्ष वळले. अठराव्या शतकाच्या अखेरीस आंतोनियो जुआंव द सिकेरा या गोमंतकीय गृहस्थाने येथे वस्ती वसविली. त्याने आफ्रिकेतील मोझांबिक येथे धन मिळविले होते, म्हणून लोक त्यास ‘मोसमीकार’ म्हणत. पाणथळ जमीन भरून काढून व माडांच्या बागेची जागा मोकळी करून ही वस्ती उभी राहिली. आज ‘पोर्तुगीज वसाहत’ म्हणून जिची जाहिरात होते ती वस्ती एका गोमंतकीयाने परदेशातील कमाईतून उभारली, ही बाब मुद्दाम नमूद करावीशी वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात फोंताईन्हासला रीतसर निवासी वस्तीचे रूप आले. पुढे मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु या राज्यपालाने १८३५ पर्यंतच्या आपल्या कारकिर्दीत पणजीतील दलदल बुजविली, रस्ते आखले आणि सार्वजनिक इमारती उभारल्या. २२ मार्च १८४३ च्या राजाज्ञेने पणजीस ‘नोवा गोवा’ या नावाने राजधानीचा दर्जा मिळाला. शहराचा मुख्य भाग आखून, मोजून बांधला गेला. फोंताईन्हास मात्र त्याआधीच, उताराच्या वळणाप्रमाणे व जागेच्या सोयीप्रमाणे वाढत गेले होते. म्हणूनच बाजारपेठेतील रस्ते एकमेकांस काटकोनात छेदतात, तर फोंताईन्हासच्या गल्ल्या वळतात, अरुंद होतात आणि मध्येच पायऱ्यांत रूपांतरित होऊन टेकडीवर चढतात.

सांव तोमे

वस्तीच्या उत्तर टोकाचा सांव तोमे हा भाग संत थॉमसच्या कपेलवरून ओळखला जातो. येथील टपाल कार्यालयाची जुनी इमारत पूर्वी तंबाखूच्या व्यापाराचे केंद्र होती. तंबाखूवरील कर हे त्या काळी सरकारी उत्पन्नाचे मोठे साधन होते. तिच्यासमोरच टांकसाळीची इमारत आहे. १८३४ ते १८४१ या काळात गोव्याची नाणी येथे पाडली जात. म्हणजे व्यापार, नाणे व टपाल या राजधानीच्या तीन गरजा एकाच लहानशा चौकात भागत होत्या. आज त्या चौकातून घाईघाईने जाणाऱ्या माणसास याची कल्पनाही येत नाही.

रस्ते व त्यांची नावे

येथील रस्त्यांची जुनी नावे निळ्या-पांढऱ्या फरशीच्या पाट्यांवर लिहिलेली आढळतात. या पाट्या बहुतांशी अलीकडच्या असल्या तरी नावे जुनी आहेत. पोर्तुगीजमध्ये ‘रुआ’ म्हणजे रस्ता. खाडीकाठचा रुआ द ओरें, नाताळच्या सणाचे नाव धारण करणारा रुआ द नाताल आणि टेकडी कापून काढलेल्या वाटेचा अर्थ सांगणारा कोर्त द ओइतेरु ही त्यांपैकी काही नावे होत.

सर्वांत प्रसिद्ध रस्ता ‘३१ जानेवारी मार्ग’ हा आहे. या तारखेविषयी एक चुकीची समजूत पसरली आहे. पोर्तुगाल स्पेनच्या अंमलाखालून मुक्त झाल्याचा हा दिवस, असे वाटाडे सांगतात. वस्तुतः ती घटना १ डिसेंबर १६४० ची आहे. ३१ जानेवारी ही तारीख पोर्तुगालमधील पोर्तु शहरात १८९१ मध्ये राजेशाहीविरुद्ध झालेल्या प्रजासत्ताकवाद्यांच्या उठावाची आहे. तो उठाव फसला, परंतु १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक स्थापन झाल्यावर त्या दिवसास मान मिळाला. गोमंतकातील हिंदूंच्या दृष्टीनेही १९१० हे वर्ष महत्त्वाचे आहे. प्रजासत्ताकाने धर्मावर आधारित भेद दूर केल्याने त्यांना शिक्षण, नोकरी व सार्वजनिक जीवन यांची दारे अधिक मोकळी झाली. त्यामुळे या रस्त्याचे नाव केवळ परकीय इतिहासाचे नाही, हे ध्यानात यावे.

घरांची रचना व रंग

फोंताईन्हासमधील घरे बहुधा एकमजली वा दुमजली असून थेट रस्त्यास लागून उभी आहेत. खेड्यातील गोमंतकीय घरास असते तसे पुढचे अंगण व प्रशस्त बाल्काव येथे जागेअभावी फारसे आढळत नाही. त्याऐवजी वरच्या मजल्यावर रस्त्यावर पुढे आलेला, लाकडी वा लोखंडी कठड्याचा सज्जा असतो. भिंती जांभ्या दगडाच्या व चुन्याच्या गिलाव्याच्या असून बऱ्याच जाड असतात. त्यामुळे उन्हाळ्यातही आत गारवा राहतो. छपरावर पूर्वी नळीची कौले असत. १८६५ मध्ये मंगळूर येथे बाझेल मिशनने कौलांचा कारखाना काढल्यानंतर मंगळुरी कौलांचा प्रसार झाला. काचेचा वापर सर्वत्र होण्यापूर्वी खिडक्यांच्या लाकडी चौकटीत शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवीत. त्यांतून ऊन न येता दुधाळ उजेड तेवढा आत येत असे. अशा काही खिडक्या अद्याप शिल्लक आहेत.

रंगांविषयी पर्यटकांस फार कुतूहल असते. पांढरा रंग चर्च व कपेल यांच्यासाठी राखून ठेवावा आणि घरांस अन्य रंग द्यावा, अशी पद्धत पोर्तुगीज काळात होती. चुन्यात गेरू, पिवळी माती किंवा नीळ कालवून हे रंग तयार होत, म्हणून तांबडा, पिवळा व निळा हेच रंग येथे प्रामुख्याने दिसतात. कडा, चौकटी व कोपरे पांढऱ्या पट्ट्यांनी उठविलेले असतात. पावसाळ्यात भिंतींवर शेवाळ चढते व चुना सुटतो. त्यामुळे पावसाळा संपताच घर धुऊन पुन्हा रंगविणे हा दरवर्षीचा कुळाचार असे. या रंगांत शोभेची आवड आहेच, पण त्याहून अधिक घरमालकाने दरवर्षी घेतलेले कष्ट आहेत. ज्या घरात कोणी राहत नाही, त्याचा रंग दोन पावसाळ्यांत उडतो आणि काही वर्षांत कौलेही सरकतात.

ही वस्ती सर्वस्वी ख्रिस्ती होती, असाही एक समज आहे. तो बरोबर नाही. मधोमध मोकळा चौक असलेली हिंदू पद्धतीची जुनी घरेही येथे आहेत, आणि मळ्याकडे तर हिंदू वस्ती पिढ्यान् पिढ्या नांदत आली आहे.

प्रार्थनास्थळे

फोंताईन्हासच्या दक्षिण भागात संत सेबास्तियांवचे पांढरेशुभ्र कपेल आहे. साथीच्या रोगांपासून रक्षण करणारा संत म्हणून ख्रिस्ती समाजात त्याची आराधना होते. ज्या शहराचा जन्मच जुन्या राजधानीतील साथींमुळे झाला, त्यात या संताचे कपेल असणे सयुक्तिकच म्हणावे लागेल. कपेलातील क्रूसावरील येशूची मोठी मूर्ती विशेष प्रसिद्ध आहे. एरवी अशा मूर्तीत मान झुकलेली व डोळे मिटलेले असतात. येथे मात्र मान ताठ व डोळे उघडे आहेत. ही मूर्ती मूळची जुन्या गोव्यातील इन्क्विझिशनच्या वाड्यातील आहे. धर्ममतांची चौकशी करून कठोर शिक्षा देणारी ही न्यायसंस्था १८१२ मध्ये कायमची बंद झाली. त्यानंतर मूर्ती पणजीतील आदिलशहाच्या वाड्यात आणि तेथून पुढे या कपेलात आली. ज्या डोळ्यांसमोर एके काळी आरोपी थरथर कापत उभे राहिले, त्यांच्यासमोर आज आजूबाजूच्या घरांतील माणसे शांतपणे प्रार्थना करतात. कपेलासमोर रंगीत कोंबड्याची प्रतिमा असलेली विहीर आहे. कोंबडा हे पोर्तुगालमधील लोकप्रिय शुभचिन्ह होय.

हिंदूंच्या दृष्टीने तिसवाडीचा इतिहास वेदनेचा आहे. १५४० मध्ये या भागातील देवालये पाडण्यात आली. भाविकांनी आपली दैवते नदीपलीकडे, पोर्तुगीज अंमलाबाहेरील अंत्रुज महालात व डिचोलीकडे नेली. त्यानंतर पावणेतीनशेहून अधिक वर्षांनी, १८१८ मध्ये, श्री महालक्ष्मीच्या रूपाने पणजी शहरात पहिले हिंदू देवालय उभारण्यास परवानगी मिळाली. देवीच्या आश्रयाने पणजीतील हिंदू समाज एकत्र आला. याच परिसरात १९०८ मध्ये मुष्टिफंड संस्था स्थापन झाली. घराघरांतून मूठ मूठ तांदूळ गोळा करून शाळा चालविण्याची कल्पना या संस्थेच्या नावातच सामावलेली आहे. मराठी शिक्षणास राजाश्रय नसताना समाजाने ते मुठीमुठीने जगविले.

मळ्यातील श्री मारुतीचे देवालय त्यानंतरचे, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहे. टेकडीच्या उतारावर उंच जागी असलेले हे केशरी रंगाचे देवालय खाडीपलीकडूनही दिसते, आणि रात्री त्यावरील दिव्यांची रोषणाई संपूर्ण वस्तीवर पसरते. जेथे एके काळी देवालयाचा पाया घालणेही अशक्य होते, तेथे टेकडीच्या अंगाखांद्यावर मारुतीची स्थापना झाली, यामागील लोकभावना सहज समजण्यासारखी आहे. वार्षिक जत्रेच्या दिवसांत मळ्याचा रस्ता दुकानांनी फुलून जातो. खाजे, चणे, खेळणी, भांडी, फुले यांच्या गर्दीत सर्व धर्मांचे शेजारी आढळतात. गोमंतकातील देवस्थानांच्या उत्सवांत मराठी नाटके करण्याची दीर्घ परंपरा आहे. पोर्तुगीज शाळांच्या काळात ज्यांना मराठीचा एरवी संबंध येत नसे, अशा अनेकांच्या कानी मराठी प्रथम पडली ती कीर्तनातून व उत्सवी रंगभूमीवरून.

लोकजीवन

फोंताईन्हास हे प्रामुख्याने कारकून, शिक्षक, दर्यावर्दी व लहान व्यावसायिक यांचे गाव राहिले. अरुंद गल्ल्यांमुळे समोरासमोरच्या सज्जांतून बोलता येते. सकाळी पोदेर सायकलच्या भोंप्याने आपली चाहूल देतो आणि टोपलीतून पाव, उंडे व पोयी काढून देतो. घराघरांत कोंकणी बोलली जाते. जुन्या घराण्यांतील वृद्धांच्या तोंडी पोर्तुगीज असते, आणि मळ्याकडे सकाळी मराठी वृत्तपत्र वाचले जाते. चतुर्थीच्या नेवऱ्या आणि नाताळचे दोदोल यांची देवाणघेवाण येथे अपूर्वाईची मानली जात नाही.

कलेच्या संदर्भात एक महाराष्ट्राशी निगडित दुवा सांगितला पाहिजे. गोमंतकीय चित्रकार आंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद यांनी मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत अध्यापन केले. त्यांच्या व त्यांची कन्या आंजेला यांच्या चित्रांचा संग्रह फोंताईन्हासमधील फुंदासांव ओरिएंत या संस्थेत जतन करण्यात आला आहे. मुंबईच्या चित्रकलेविषयी आस्था असणाऱ्यांनी तो अवश्य पाहावा.

१९६१ नंतरचा काळ

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. शहर झपाट्याने वाढले, बाजारपेठेतील जुनी घरे जाऊन सिमेंटच्या इमारती आल्या. फोंताईन्हास त्यातून बऱ्याच अंशी वाचले. येथे मोठी इमारत उभारण्यास जागा नव्हती आणि रस्ते अरुंद होते. पुढे शहराच्या विकास आराखड्यात या भागास संवर्धन क्षेत्राचा दर्जा मिळून उंची व बाह्यरूप यांवर निर्बंध आले. ‘युनेस्कोने जाहीर केलेले वारसा क्षेत्र’ असे फोंताईन्हासचे वर्णन अनेक ठिकाणी केलेले आढळते, परंतु त्यास आधार नाही. १९८६ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली ती जुने गोवे येथील चर्च व मठ ही वास्तुसंपदा. फोंताईन्हासचे रक्षण स्थानिक नियम व स्थानिक माणसे यांच्यावरच अवलंबून आहे.

बाहेरचे रूप टिकविण्यास नियम पुरे पडतात, घरात माणूस टिकविण्यास ते पुरत नाहीत. येथील अनेक दारांना कुलूप लागण्यामागे दोन प्रमुख कारणे आहेत. पहिले वारसा हक्काचे. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेवर आधारलेला वारसा कायदा चालत आला. त्यानुसार मुलगा व मुलगी यांना समान हक्क असून आईवडिलांस आपल्या इच्छेने अर्ध्याहून अधिक संपत्ती अन्यत्र देता येत नाही. तत्त्वतः ही व्यवस्था अत्यंत न्याय्य आहे, आणि देशभर तिचा आदराने उल्लेख होतो. परंतु तीन पिढ्यांनंतर एका लहान घराचे वीस वारस होतात. कोणी मुंबईस, कोणी लिस्बनला, कोणी लंडनला. इन्व्हेंतार म्हणजे वारसांमधील वाटणीची न्यायालयीन प्रक्रिया रखडली की घर विकणे अनेकदा अडते, आणि छपराच्या दुरुस्तीचा खर्च कोणी करावयाचा, हेही ठरत नाही.

दुसरे कारण भाड्याचे. १९६८ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूस संरक्षण मिळाले. त्याची त्या वेळी निकड होती. कालांतराने जुन्या घरांचे भाडे इतके अल्प ठरले की त्यातून एका पावसाळ्याचा रंगही निघू नये. मालक दुरुस्ती करीत नाही, भाडेकरूस परक्या घरावर खर्च करणे परवडत नाही, आणि दोघांच्या मध्ये भिंत पडते. यात कोणा एकास दोष देता येणार नाही. प्रत्येकाची बाजू खरी आहे, आणि म्हणूनच प्रश्न कठीण आहे.

पर्यटन : लाभ व उपद्रव

गेल्या काही दशकांत अनेक घरांची अतिथिगृहे, उपाहारगृहे व कलादालने झाली. त्यामुळे मोडकळीस आलेल्या काही वास्तू सावरल्या गेल्या, हे मान्य केले पाहिजे. अन्यथा त्या पडल्याच असत्या. परंतु यास दुसरी बाजूही आहे. पहाटेपासून छायाचित्रे काढणाऱ्यांचे घोळके येतात. विवाहपूर्व छायाचित्रणासाठी कपड्यांच्या पेट्या घेऊन मंडळी येतात, कोणाच्याही पायरीवर बसतात, खिडकीतून आत डोकावतात. आजारी माणूस, परीक्षेचा अभ्यास करणारे मूल, घरातील शोक यांपैकी कशाचीही जाणीव बाहेरच्यास नसते. अखेर रहिवाशांनी छायाचित्रणास मनाई करणाऱ्या पाट्या आपल्या दारांवर लावल्या. आपल्याच घरातून बाहेर पडताना क्षमा मागण्याची पाळी यावी, ही स्थिती कोणत्याही वस्तीस मानवणारी नाही.

राहत्या कुटुंबापेक्षा अतिथिगृह अधिक पैसे देते. त्यामुळे एक एक घर त्या मार्गाने जाते. सर्वच घरे गेली, तर भिंती अधिक चकचकीत होतील, पण पोदेराची वाट पाहणारे, कपेलात दिवा लावणारे व जत्रेस खाली उतरणारे कोणी उरणार नाही. वस्तीचे रूप माणसांनी राखले आहे. माणसे गेल्यावर केवळ रूप राखता येते का, हाच आज फोंताईन्हासपुढील खरा प्रश्न आहे.

पाण्याचा प्रश्न

या वस्तीस जन्म देणारे पाणीच आता तिला त्रास देऊ लागले आहे. टेकडीवर बांधकामे व डांबरी रस्ते वाढले म्हणजे पाणी मुरत नाही. त्यामुळे झऱ्यांचा ओघ घटतो आणि न मुरलेले पाणी वेगाने उतरून मळ्यात साचते. त्याच वेळी मांडवीस भरती असेल तर खाडीत पाणी सोडण्यास वाव राहत नाही. मुसळधार पाऊस व मोठी भरती एकत्र आली की मळ्यातील सखल घरांत पाणी शिरते. आपल्या पूर्वजांनी खाजन जमिनींसाठी मानस, बांध व पाणी साठण्यास मोकळी जागा अशी तिहेरी योजना केली होती. मोकळी जागा भरून काढल्यावर केवळ दारांनी व पंपांनी काम भागत नाही, हा अनुभव प्रत्येक पावसाळ्यात येतो.

२०१६ मध्ये पणजीची स्मार्ट सिटी योजनेत निवड झाली, आणि पुढील वर्षांत मलनिस्सारण वाहिन्या व रस्ते यांच्या कामांसाठी शहर ठिकठिकाणी खोदले गेले. कामे आवश्यक होती, पण तीन-चार हात रुंदीच्या गल्लीत वृद्धांस त्याचा किती त्रास होतो, हे तेथे राहणाऱ्यासच ठाऊक. अशा कामांचे यश नव्या फरशीवरून मोजावयाचे नसून पुढील पावसाळ्यात मळ्यातील घरे कोरडी राहिली का, यावरून मोजावयाचे असते.

भाविकांस विनंती

देवदर्शनानंतर ही वस्ती पाहण्याची इच्छा असणाऱ्यांनी कदंब बसस्थानकाकडून खाडी ओलांडून पायीच यावे. गल्ल्यांत वाहन नेऊ नये. सकाळची किंवा सायंकाळची वेळ सोयीची असते. घरांच्या पायऱ्यांवर बसू नये, खिडक्यांतून डोकावू नये, माणसांची छायाचित्रे विचारल्याखेरीज काढू नयेत. कपेलात प्रार्थना चालू असल्यास आपल्या देवालयात पाळतो तीच शांतता पाळावी. पादत्राणे काढून देवापुढे जाणाऱ्यास परक्याच्या उंबरठ्याचा मान राखण्यास वेगळे शिकवावे लागत नाही.

मळ्यात फेनिक्स झऱ्याच्या हौदाशी क्षणभर थांबावे. दोन वस्त्यांस दोन भाषांत नावे देणारे पाणी ते हेच. ते स्वच्छ राहिले, खाडी वाहती राहिली आणि दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास कोणी तरी आपल्या घराची भिंत स्वतःच्या हाताने रंगवीत राहिले, तर फोंताईन्हास टिकेल. तेथील रहिवाशांस त्यासाठी आपल्याकडून फार काही नको आहे. आपण पाहुण्यासारखे यावे व पाहुण्यासारखे जावे, एवढीच त्यांची अपेक्षा आहे.